मोड, घडण आणि घट

मृगाच्या तोंडावर मंगरूळपीरच्या सराफा दुकानात 'पोत मोडाची हाये' हे वाक्य हमखास कानावर येतं. बियाण्याचा, खताचा खर्च उभा असतो. सोयाबीन-कापसाचा पैसा हाती आला की 'गोफ करून घ्याचा हाये' असं म्हणत तीच माणसं परत येतात. मानोऱ्याकडच्या तांड्यांतली चांदीची हासळीही अशीच मोडते. मोडणं म्हणजे विकणं, आणि आटवून नवं करणंही. दोन्हींना आपण एकच क्रियापद वापरतो, कारण घरातलं सोनं आपल्या लेखी संपत नाही. 'आजीच्या पाटल्यांचा गोफ' म्हणताना त्या षष्ठीत आजी शिल्लक राहतेच.

'मोडणे'च्या मागे संस्कृत 'मुट्' आहे, 'घडणे'च्या मागे 'घट्'. दोन स्वरांमधला एकटा ट मराठीत ड होतो: वटाचा वड, घोटकाचा घोडा. जोड 'ट्ट' मात्र ट म्हणून टिकतो. म्हणूनच कषपट्टिकेची कसोटी झाली, कसोडी नाही. जुनं सोनं घेताना सोनार कापतो ती 'घट' या नियमाने उघड वेगळी पडते. ती 'घडण'च्या कुळातली असती तर तिचाही ड झाला असता. तिचं नातं 'घटणे'शी, कमी होण्याशी.

आणि ती खरोखर होते. दागिन्याच्या प्रत्येक सांध्याला डाख असतो. तो सोन्याआधी वितळावा म्हणून त्यात तांबं-चांदी जास्त. 22 कॅरटात हजारी 916 भाग शुद्ध सोनं. सारे सांधे मुशीत एकत्र आटले की हा आकडा खाली येतो. पोकळ मण्यांत लाख भरलेली असेल तर वजनही उतरतं. त्यामुळे साध्या वेढ्याला घट थोडी, जाळीकामाला जास्त. घट म्हटली की लबाडी, असं मानणं कारागिरावर अन्याय आहे. पण आटवण्याआधी नुसत्या अंदाजाने कापलेली घट गिऱ्हाइकाने मान्य करू नये. आधी मूस, मग कस, मग हिशेब.

जुन्या चिठ्ठीवरचा तोळाही नीट वाचावा लागतो. तो 12 माशांचा, 96 गुंजांचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा, आजच्या बोलीतला तोळा 10 ग्रॅमचा. या फरकावरून घरात उगाच संशय शिरतात.

मला चुटपुट आहे ती 'घडणावळी'ची. शिवणावळ, दळणावळ, लिहिणावळ अशी कामाच्या मोलाची एक रांगच मराठीत होती. खाणावळ उरली, तीही जागेचं नाव होऊन. पावतीवर आता 'मेकिंग चार्जेस' छापतात, तेही टक्क्यांत. 'घडणावळ' म्हटलं की समोर बसून तार ओढणाऱ्या माणसाचे हात मोजले जात होते. टक्क्यांच्या हिशेबात मात्र सोन्याचा भाव वाढला की मजुरी वाढते, काम तेवढंच राहतं. पावती मराठीत मागावी, आणि त्या रकान्यात 'घडणावळ' लिहून घ्यावी.