केनेल कफचा जिवाणू : एका दुर्लक्षित कारणाचा इतिहास

प्रस्तुत निबंधात श्वानगृहांतून पसरणाऱ्या 'केनेल कफ' या खोकल्याच्या कारणमीमांसेचा विचार केला आहे. अमेरिकेतील एन. एस. फेरी यांनी १९१० च्या सुमारास आजारी कुत्र्यांच्या श्वसनमार्गातून एक जिवाणू वेगळा केला व तोच 'डिस्टेंपर' या घातक रोगाचे मूळ होय, असे प्रतिपादन केले. वस्तुतः फ्रान्समधील आंरी कारे यांनी १९०५ मध्येच डिस्टेंपरचे कारण सूक्ष्म गाळणीतूनही आरपार जाणारा विषाणू असल्याचे दाखविले होते. मात्र त्यावर शिक्कामोर्तब झाले ते इंग्लंडमधील लेडलॉ व डंकिन यांच्या १९२६ नंतरच्या प्रयोगांनी.

दावा फेटाळला गेला आणि त्यासोबत जिवाणूही अडगळीत पडला, हे मात्र अन्यायाचे झाले. १९५२ मध्ये डांग्या खोकल्याच्या जिवाणूचे संशोधक झ्यूल बोर्दे यांच्या नावाच्या 'बोर्डेटेला' वंशात त्याची गणना झाली; तरीही कुत्र्यांच्या बाबतीत तो दुय्यमच मानला जाई. १९७० च्या दशकात निरोगी कुत्र्यांना केवळ याच जिवाणूचा संसर्ग दिला असता तीच कोरडी ढास उद्भवली, तेव्हा कोठे त्याचे स्वतंत्र कर्तृत्व मान्य झाले.

हा जिवाणू श्वासनलिकेच्या सूक्ष्म केसलांना चिकटतो. म्हणूनच पुढे नाकात थेंब टाकून द्यावयाची लस प्रचारात आली. अर्थात पॅराइन्फ्ल्युएंझासारखे विषाणूही हाच खोकला निर्माण करीत असल्याने लस पूर्ण संरक्षण देत नाही. सौम्य आजार बहुधा प्रतिजैविकाविना बरा होतो. आजारी कुत्रा वेगळा ठेवणे व श्वानगृहात हवा खेळती राखणे मात्र आजही अटळ आहे.