मैदानी नोकरीच्या भरतीला, मुलाखतीला काय घालून जावं? बुटापासून टोपीपर्यंत सगळी माहिती वाचा

कुरुंदा (ता. वसमत) : पोलीस, एसआरपीएफ, वनरक्षक किंवा एखाद्या बियाणे कंपनीची जाहिरात निघाली की गावोगावची पोरं-पोरी धावायला आणि अभ्यासाला लागतात. काय घालून जायचं हे मात्र आदल्या रात्री ठरतं. मग कुणी मावसभावाचे बूट मागून नेतो, तर कुणी उधारीवर नवे घेतो. कपड्याला मार्क नसतात, पण चुकीच्या बुटामुळे हातचे मार्क जातात.

आधी बघा : मुलाखत आहे की मैदान?

राज्यातल्या पोलीस शिपाई आणि वनरक्षक भरतीत मुलाखत नसते. केंद्र सरकारनेही १ जानेवारी २०१६ पासून खालच्या पदांच्या मुलाखती बंद केल्या आहेत. पोलीस शिपाई भरतीत आधी ५० गुणांचं मैदान असतं. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. एसआरपीएफला ५ किलोमीटर धावावं लागतं. आपल्या हिंगोलीत एसआरपीएफचा गट क्रमांक १२ आहे, त्यामुळे या भरतीकडे जिल्ह्यातल्या पोरांचं लक्ष असतं.

त्यामुळे या नोकऱ्यांसाठी कोट-पँट शिवायची गरज नाही. 'मुलाखतीत सेटिंग लावून देतो' म्हणून कुणी पैसे मागत असेल तर सरळ ओळखावं, तो फसवतोय. मुलाखतच नाही तर सेटिंग कशाची?

मैदानावर काय घालावं?

बूट : नवाकोरा बूट भरतीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नये, फोड येतात. निदान तीन-चार आठवडे त्याच बुटावर सराव झालेला असावा. नवे मोजेही दोन-तीनदा धुऊन घ्यावेत. मागून आणलेला बूट अर्धा नंबर जरी मोठा असला तरी टाच घासते. खिळ्यांचे बूट चालतात का, ते प्रवेशपत्रावरच्या सूचनेत बघावं.

टी-शर्ट, पँट : घाम लवकर वाळेल असा साधा टी-शर्ट घालावा. छातीवर चेस्ट नंबर लावतात, तो लांबून दिसला पाहिजे. पँट जीन्सची नको. हाफ पँट किंवा ट्रॅक पँट घालावी, पण गुडघा उचलताना अडकू नये.

मुलींसाठी : सरावात वापरलेली स्पोर्ट्स ब्रा, लांब टी-शर्ट आणि ट्रॅक पँट घालावी. ओढणी, बांगड्या, लोंबते कानातले नकोत. केस घट्ट बांधावेत. लग्न झालेल्या मुलींनी जोडवी काढून ठेवावीत, बुटात बोटाला घासतात.

उंची-छाती : उंची अनवाणी मोजतात, म्हणून जाड टाचेच्या बुटाचा काही उपयोग नाही. मुलांची छाती उघड्या अंगाने मोजतात. लवकर काढता येईल असा टी-शर्ट असावा.

पाऊस : २०२४ ची पोलीस भरती १९ जूनला, ऐन पावसाळ्यात सुरू झाली होती. त्यामुळे पिशवीत जास्तीचे मोजे, टॉवेल, एक कोरडा जोड आणि कागदपत्रांसाठी प्लास्टिकची पिशवी असावीच.

वनरक्षक : चालण्याची चाचणी

वनरक्षकासाठी मुलांना ५ आणि मुलींना ३ किलोमीटर धावावं लागतं. पुढे निवड झालेल्यांना चालण्याची चाचणी असते. मुलांना ४ तासांत २५ किलोमीटर आणि मुलींना ४ तासांत १६ किलोमीटर. म्हणजे मुलांना तासाला सव्वासहा किलोमीटर चालायचं. इथे टोपी, पूर्ण बाह्यांचा हलका शर्ट आणि मऊ तळाचा बूट लागतो. कुरुंद्याच्या पोरांनी तोच बूट घालून टोकाई गडाचा चढ चार-पाच वेळा करून बघावा. कुठे घासतं ते तिथेच कळेल.

कागदपत्र पडताळणीला

इथे साधा इस्त्रीचा शर्ट-पँट किंवा पंजाबी ड्रेस पुरेसा आहे. चेहरा प्रवेशपत्रावरच्या फोटोशी जुळला पाहिजे, म्हणून दाढी-मिशा आणि केस शक्यतो तसेच ठेवावेत. खाकी किंवा मिलिटरीच्या छापाचे कपडे घालू नयेत. वर्दी निवड झाल्यावर मिळतेच.

खासगी कंपनीची फिरतीची नोकरी

बियाणे, ठिबक, सोलर पंप, हळद खरेदी, बचत गटाचं कर्ज, अशा कामांना मात्र मुलाखत असते. साहेब बोलता बोलता 'चला, प्लॉट बघून येऊ' म्हणू शकतात. पॉलिशचा टोकदार बूट काळ्या मातीत दोन पावलांत जड होतो. म्हणून पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, गडद पँट आणि पाय झाकणारा मजबूत बूट घालावा. मुलींनी सुती कुर्ता आणि पिन लावलेली ओढणी घ्यावी, चप्पल टाळावी. गाडीवर जाणार असाल तर हेल्मेट आणि लायसन्स सोबत पाहिजे. फिरतीच्या माणसाचं ते पहिलं बघतात.

एसटीने किंवा गाडीवर गेल्यावर धूळ बसते. चांगला शर्ट घडी करून पिशवीत न्यावा आणि तिथे पोचल्यावर, तोंड धुऊन मग घालावा.

पैसे कमी असतील तर?

शर्ट भावाचा चालेल, पँट जुनी चालेल. जे काही पैसे असतील ते बुटावर घालावेत आणि बूट भरतीच्या महिनाभर आधी घ्यावा. निघायच्या आदल्या दिवशी प्रवेशपत्रावरच्या सूचना पुन्हा एकदा वाचाव्यात, कारण नियम भरतीगणिक बदलतात.