एस.टी.डी. बूथपासून स्मार्टफोनपर्यंत

दूरध्वनीचा इतिहास वाचताना यंत्र कोणी शोधले एवढेच आपण बहुधा पाहतो. ते कोणाच्या हाती होते आणि कोणाला नीट वापरता येत होते, हा प्रश्न मागे राहतो. आज घरोघरी स्मार्टफोन पोहोचलेला असताना पालकांनी व विद्यार्थ्यांनी या प्रश्नाचा विचार करणे अगत्याचे आहे.

मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ साली सुरू झाले. त्यानंतर शंभर वर्षे लोटली तरी सामान्य कुटुंबाला घरी फोन मिळणे दुरापास्तच होते. १९८४ मध्ये सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने सी-डॉट ही संस्था स्थापन झाली, देशी बनावटीची एक्स्चेंजेस तयार झाली आणि हळूहळू गावोगाव पिवळ्या पाटीचे एस.टी.डी. बूथ दिसू लागले. रात्री दर कमी होत, म्हणून बूथसमोर रांगा लागत. साऱ्या मोहल्ल्याला मिळून एक यंत्र असे आणि ते बिघडले तर काळजी बूथवाल्याची असे.

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी मोबाईलवर संभाषण केले. भारतातील हा पहिला मोबाईल कॉल मानला जातो. त्या काळी येणाऱ्या कॉलचेही पैसे पडत. २००३ पासून ते माफ झाले आणि मोबाईल सामान्यांच्या खिशात आला. २००७ मध्ये आयफोन व २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आला. काचेवर बोट फिरवून चालणारे हे यंत्र म्हणजे फोन, कॅमेरा आणि संगणक यांचा संगमच होय.

विद्यार्थ्यांच्या हाती स्वस्त टॅबलेट द्यावा म्हणून केंद्र शासनाने ५ ऑक्टोबर २०११ रोजी ‘आकाश’ आणला. हेतू स्तुत्य होता. परंतु त्याची गती मंद होती, पडदा जोराने दाबावा लागे आणि बॅटरी लवकर उतरे. केवळ किंमत कमी केल्याने शिक्षण सुलभ होत नाही, हा धडा त्यातून मिळाला. याउलट सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पालकांच्या साध्या फोनचाच उपयोग करून घेतला. पाठ्यपुस्तकाला त्यांनी क्यू.आर. कोड जोडले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा पुरस्कार त्यांना लाभला आणि त्याची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटून दिली.

त्याच वर्षी टाळेबंदीमुळे शाळा बंद झाल्या व वर्ग फोनवर भरू लागले. तेव्हा आपल्या समाजाची खरी परीक्षा झाली. अनेक घरांत फोन एकच. वडील तो घेऊन कामावर गेले की वर्ग बुडाला. दोन भावंडांचे तास एकाच वेळी आले की फोन बहुधा मुलाला मिळाला आणि मुलगी मागे राहिली. शाळा उघडल्या, पण त्या मुलींचे बुडालेले धडे आपोआप भरून आले नाहीत.

पुढे दुसरे टोक दिसले. मुले फोन सोडीनात. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टी.व्ही. व मोबाईल बंद ठेवण्याचा पायंडा पाडला. त्याच वर्षी आपल्या विदर्भातील यवतमाळ जिल्ह्याच्या बान्सी गावाने अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाईलवर बंदीचा ठराव केला. मला वडगावचा मार्ग अधिक रुचतो, कारण तेथे मुलांबरोबर मोठ्यांनीही फोन खाली ठेवला.

आज बूथवाला उरलेला नाही. यंत्राची काळजी आपल्यालाच घ्यावी लागते. फोन अडकला तर प्रथम तो बंद करून पुन्हा सुरू करावा. जागा भरली असेल तर निरोपांतून आलेली चित्रे व व्हिडिओ काढून टाकावेत. इंटरनेट चालत नसेल तर ‘फ्लाइट मोड’ चालू नाही ना, हे आधी पाहावे. पाण्यात पडलेला फोन चार्जिंगला लावू नये. बॅटरी फुगली तर वापर तत्काळ थांबवून जाणकार कारागिराकडे न्यावा. *#०६# दाबल्यावर दिसणारा आय.एम.ई.आय. क्रमांक वहीत लिहून ठेवावा. फोन हरवल्यास शासनाच्या ‘संचार साथी’ सेवेद्वारे तो बंद करता येतो. ओ.टी.पी. कोणालाही सांगू नये आणि पैशांची फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे.

विद्यार्थी मित्रांनो, एवढे ज्ञान तुम्हाला असतेच. ते आपल्या आईला आणि आजीला धीराने शिकवा. पालक बंधुभगिनींनो, घरात फोन एकच असेल तर अभ्यासाची वेळ ठरवून द्या आणि त्या वेळेत मुलीचा वाटा मुलाइतकाच ठेवा. तिचा वाटा राखणे हे कोणत्याही शासकीय योजनेचे काम नाही. ते तुमच्या घरातच व्हायला हवे.