जुनें नांव आणि नवी किंमत

औरंगाबाद, म्हणजे २०२३ पासूनचें छत्रपति संभाजीनगर, हें हिमरूचें शहर. रेशीम आणि जर यांचा किनखाब राजेरजवाड्यांनींच वापरावा, इतका महाग असे. येथील विणकरांनीं रेशमाच्या जोडीला सूत घेतलें. मोल उतरलें, परंतु वेलबुट्टीचा डौल राहिला. थोरांच्या वैभवाशीं कमी मोलांत बरोबरी करण्याची ही विद्या पुढें याच शहरांत मोटारीच्या रूपानें पुन्हां दिसली.

भारतांतील श्रीमंती मोटारींच्या बाजारांत पहिलें आसन मर्सिडिझ-बेंझचें. ही जर्मन कंपनी १९९४ सालीं पुण्यास आली आणि पुढच्याच वर्षीं तिच्या मोटारींची जुळणी तेथें होऊं लागली. २००७ सालीं मात्र दोन प्रतिस्पर्धी एकदम उभे राहिले. बीएमडब्ल्यूनें चेन्नईजवळ कारखाना उघडला, तर ऑडीनें जालना रस्त्यावरील शेंद्रा येथें आपल्याच कुळांतील स्कोडाच्या कारखान्यांत आश्रय घेतला. ऑडीचा जन्म १९०९ सालचा. संस्थापक ऑगस्ट हॉर्श यांच्या आडनांवाचा जर्मन अर्थ ‘ऐक’. त्याचेंच लॅटिन रूप ‘ऑडी’. परंतु तें ऐकून ओळखणारे कान या देशांत तेव्हां थोडेच होते.

नवख्याची भिस्त प्रथम किंमतीवर असते, आणि किंमतीचें मर्म जकातींत होतें. पूर्ण तयार मोटार परदेशांतून आणली तर जकात जबर. सुटे भाग आणून येथें जुळविले तर पुष्कळ हलकी. २०१३ पासून चाळीस हजार डॉलरांहून महाग तयार मोटारीवर शेकडा शंभर जकात बसली, म्हणजे मोल दुप्पट झालें. शेंद्र्याच्या जुळणीचें महत्त्व यावरून ध्यानांत येईल.

तथापि नुसत्या किंमतीनें नांवाचा पगडा सुटत नाहीं. ऑक्टोबर २०१० मध्यें याच शहरांतील उद्योजक, डॉक्टर व व्यापारी यांनीं संघटितपणें दीडशें मोटारी एकदम विकत घेतल्या. सौदा सुमारें पासष्ट कोटींचा होता. आणि त्या मोटारी होत्या मर्सिडिझ! ऑडीची जुळणी दाराशीं होत असतां गांवानें जुन्या नांवाला कौल दिला. एकजुटीमुळें खरेदीदारांना किंमतींत सवलत मिळाली आणि स्टेट बँकेनें शेकडा सात दरानें कर्ज दिलें. त्याच मराठवाड्यांत ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्याला याहून कितीतरी चढें व्याज भरावें लागतें, हें पत्रकार पी. साईनाथ यांनीं त्याच वर्षअखेर निदर्शनास आणलें. वैभव कोणाला स्वस्त पडतें, हा प्रश्न त्यामुळें उघडा झाला.

ऑडीनें धीर सोडला नाहीं. ऑगस्ट २०१३ मध्यें तिनें क्यू-३ एस ही मोटार २४ लाख ९९ हजारांस बाजारांत आणली. स्वयंचलित गिअर आणि चारही चाकांना ओढ देणारी योजना वगळून, चार कड्यांची मुद्रा तेवढी कायम ठेविली. हा हिमरूचाच न्याय होय. त्या वर्षीं ऑडीनें भारतांत १०,००२ मोटारी खपविल्या. श्रीमंती मोटारींपैकीं कोणींही तोंवर दहा हजारांचा टप्पा गांठला नव्हता. परंतु मर्सिडिझही स्वस्थ नव्हती. तिनेंही लहान मोटारी आणल्या, नव्या नमुन्यांचा सपाटा लावला, आणि २०१५ सालीं १३,५०२ मोटारी विकून अग्रस्थान परत मिळविलें.

यावरून एवढें दिसतें कीं, कमी मोल नवख्याला दरवाजा उघडून देतें. घरांत बसवून ठेवीत नाहीं. मोटार विकल्यानंतरची दुरुस्ती, पुनर्विक्रीचा भाव, कर्जाची सोय आणि पिढ्यांचा विश्वास यांची बेरीज म्हणजे खरें मोल. जुन्यानें तें गृहीत धरलें कीं तो घसरतो. नव्यानें तें विसरलें कीं तो मागें पडतो. लाभ होतो तो गिऱ्हाइकाचा; आणि प्रस्तुत प्रसंगीं, ज्याच्या हातीं स्वस्त कर्ज पडतें अशाच गिऱ्हाइकाचा.