पायमोज्यांची शंभर वर्षं

पेरुंगुडीत बसून लोकरी मोज्यांवर लिहायचं म्हणजे जरा विनोदच आहे. इथे जानेवारीतही पंखा लागतो. ओएमआरवरच्या दुकानांत मोजे मिळतात ते ऑफिसच्या बुटांत घालायचे, सुती आणि घोट्यापर्यंतचे. पण इथून गुलमर्गच्या कोर्सला निघालेल्या तरुण अधिकाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "सर, स्कीइंगचे मोजे कोणते घेऊ?" उत्तर चार ओळींचं आहे. ते तसंच का आहे, हे समजून घ्यायला मात्र शंभर वर्षं मागे जावं लागतं.

आधी एक गैरसमज दूर करू. पाय फक्त बर्फातच जातात असं नाही. हिमदंशाला शून्याखालचं तापमान लागतं, पण पाय ओलाव्यानेही सडतो, आणि त्याला बर्फ लागत नाही. पेरुंगुडीशेजारच्या पल्लीकरणैच्या पाणथळीत दिवसभर ओल्या बुटांत उभं राहिलं तरी कातडी पांढरी पडून सुरकुतते आणि सोलायला लागते. व्हिएतनामच्या भातखाचरांत अमेरिकी सैनिकांना हाच त्रास झाला. थंडी नुकसान वाढवते, पण सुरुवात बहुधा पाण्यापासून होते.

आपल्या सैन्याला हा धडा पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर मिळाला तो 1914 साली. हिंदी सैन्याच्या लाहोर आणि मेरठ डिव्हिजन्स त्या शरद ऋतूत मार्सेय बंदरात उतरल्या आणि तिथून फ्लँडर्सच्या चिखलात गेल्या. अंगावर अजून सुती खाकी होती. लाहोर डिव्हिजनबरोबर खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या 20 आणि 21 नंबरच्या कंपन्या होत्या. आज आपण ज्यांना बॉम्बे सॅपर्स म्हणतो, ते हेच. 28 ऑक्टोबर 1914 रोजी न्यूव्ह शापेलच्या हल्ल्यात या दोन्ही कंपन्यांची जबर हानी झाली. जे वाचले आणि जे मागून आले, त्यांच्यापुढे हिवाळ्यातले पाण्याने भरलेले खंदक होते.

त्या हिवाळ्यात दोस्तांच्या फौजांत हजारो माणसं गोळी न लागता पायांनी निकामी झाली. इंग्रजीत याला 'ट्रेंच फूट' नाव पडलं. पाय आधी बधिर होतो, मग सुजतो, निळा-काळा पडतो आणि शेवटी कापावा लागतो. खंदकात तापमान बऱ्याचदा शून्याच्या वर असायचं, तरीही हे घडत होतं.

यात एक भर आपल्याकडून गेलेल्या वस्तूची होती. नडगीवर गुंडाळायची 'पटी' ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून उचलली. त्यांच्या 'पुट्टी' या शब्दाचं मूळ आपल्या 'पट्टी'त आहे. डोंगरात चालताना ती उत्तम, पण पाण्यात भिजली की लोकर आटते, पट्टी आवळते आणि पोटरीपासूनच रक्त अडतं. रक्त पोचलं नाही तर पायाला ऊब कशी मिळणार? मोजा स्वतः ऊब निर्माण करत नाही, रक्ताने आणलेली ऊब तो फक्त धरून ठेवतो.

यावर सैन्याने काढलेला तोडगा अगदी साधा होता. शिध्याबरोबर कोरडे मोजे पुढे पाठवायचे. रोज बूट काढून पाय पुसायचे, व्हेल माशाचं तेल चोळायचं आणि मोजे बदलायचे. जवानांच्या जोड्या लावून एकाने दुसऱ्याचे पाय तपासायचे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जबाबदारी अधिकाऱ्यावर टाकली. पाय बिघडणं हा जवानाचा खासगी प्रश्न उरला नाही, तो पलटणीच्या शिस्तीचा प्रश्न झाला. एनडीएत कॅम्प ग्रीनहॉर्नपासून कॅम्प टोरनापर्यंत चालून चालून आपले पाय सोलपटले. त्या पायांची काळजी घ्यायची शिकवण या खंदकांतूनच आलेली आहे.

स्वातंत्र्यानंतर बर्फ आपल्या दारातच होता. 1 नोव्हेंबर 1948 रोजी जनरल थिमय्यांनी झोजिला खिंडीत रणगाडे चढवले. त्याच वर्षी गुलमर्गला स्की स्कूल सुरू झालं, आणि पुढे त्याचंच हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झालं. पण एका शाळेला जे कळलं ते सगळ्या फौजेपर्यंत पोचायला वेळ लागतो. 1962 च्या ऑक्टोबरमध्ये नामका चूच्या काठी, दहा हजार फुटांहून अधिक उंचीवर, आपले बरेचसे जवान सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत उभे होते. त्यांच्या शौर्यात काही कमी नव्हतं. कमी होती ती कपड्यांची, दारूगोळ्याची आणि वेळेची.

त्याच नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य घरोघरी पोचलं. देशभर बायकांनी जवानांसाठी लोकरीचे स्वेटर विणले. त्या मायेचं मोल मोठंच आहे. पण फौजेला कपडे लढाईच्या आधी मिळायला हवेत, नंतर नव्हे. पुढच्या वर्षांत माउंटन डिव्हिजन्स उभ्या राहिल्या, त्या हे ओळखूनच.

13 एप्रिल 1984 रोजी कॅप्टन संजय कुलकर्णी आणि त्यांची कुमाऊँची तुकडी चीता हेलिकॉप्टरांतून सुमारे 18,000 फुटांवर, बिलाफोंड ला इथे उतरली. पाठोपाठ हिमवादळ आलं. ते ओसरेपर्यंत तुकडीने एक जवान गमावला होता आणि अनेकांना हिमदंश झाला होता. सियाचीनसाठी बर्फाचे खास कपडे परदेशातून आणलेले होते. म्हणजे सामान चांगलं असलं तरी ते एकटं पुरत नाही.

आता त्या चार ओळी.

एक: सुती मोजा नको. सूत पाणी पितं आणि धरून ठेवतं. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा घेऊनही पायाला ओली लागत नाही. मेरिनो लोकर आणि टिकाऊपणासाठी थोडं नायलॉन, हे मिश्रण उत्तम.

दोन: एका वेळी एकच जोडी. बूट एका मोज्याच्या मापाचा असतो. दुसरा मोजा घातला की पाय आवळतो आणि उलट गार पडतो. तीच पट्टीची गोष्ट. मोजा बुटाच्या वर, गुडघ्याखालपर्यंत यावा, वरचं इलॅस्टिक रुतू नये, बोटांवर जाड शिवण नसावी. बूट बांधल्यावर बोटं हलली पाहिजेत.

तीन: तीन जोड्या ठेवा. एक पायात, एक वाळत आणि एक प्लास्टिकच्या पिशवीत, फक्त झोपताना घालायला. तिसऱ्या जोडीला दिवसा हात लावायचा नाही.

चार: मोजे उलटे करून गार पाण्यात, सौम्य साबणाने धुवा. पिळू नका, दाबून पाणी काढा आणि सावलीत वाळवा. बुखारीवर टाकू नका. लोकर कडक होते, नायलॉन वितळतं. परत आल्यावर पेटीत ठेवण्याआधी पुन्हा धुवा. घामट लोकरीला कसर लागते, आणि पेरुंगुडीसारख्या दमट हवेत बुरशीही धरते. पूर्ण सुकवून कडुलिंबाच्या वाळल्या पानांत ठेवा.

तुमच्या हाताखाली माणसं असतील तर आणखी एक काम आहे. संध्याकाळी टॉर्च घेऊन प्रत्येकाचे पाय स्वतः बघा. "ठीक है, साब" हे उत्तर ऐकून पुढे जाऊ नका. ज्याचा पाय बधिर झालाय त्याला दुखत नसतं, म्हणून तोही खरंच ठीक आहे असं समजून सांगत असतो.