वळीव, वावटळ की टोर्नेडो? आभाळ असं ओळखा

एप्रिल-मेमध्ये बेळगाव, खानापूर, चंदगड भागात दुपारनंतर येणारा वळीव अर्ध्या तासात पत्रे उडवतो, झाडं आडवी करतो. दुसऱ्या दिवशी ‘चक्रीवादळ आलं’ अशी चर्चा होते. पण चक्रीवादळ समुद्रावर तयार होतं आणि शेकडो किलोमीटर पसरतं.

माळावर कडक उन्हात धूळ-पाला घेऊन फिरणारी वावटळ जमिनीवरून वर उठते, तिला ढग लागत नाही. टोर्नेडो गडगडाटी ढगाच्या तळाला जोडलेला असतो. ढगाचा तुकडा खाली उतरून स्वतःभोवती फिरू लागला आणि त्याच्याखाली धूळ-कचरा गरगरताना दिसला, की शंका घ्यावी. सोंड जमिनीला टेकलेली दिसेलच असं नाही. मेघगर्जना थांबत थांबत होते. इथं घरघर सलग चालते. नंतर झाडं पाहावीत. सगळी एकाच दिशेला किंवा पंख्यासारखी पडली असतील, तर तो बहुधा ढगातून खाली आदळलेला वारा. अरुंद पट्ट्यात वेडीवाकडी, एकमेकांवर पडली असतील तर टोर्नेडोची शक्यता.

आपल्याकडे हे दुर्मिळच. बांगलादेशात मात्र २६ एप्रिल १९८९ रोजी माणिकगंज भागात सुमारे १,३०० माणसं गेली.

अशा वेळी पक्क्या घरातली आतली, बिनखिडकीची खोली गाठावी. पत्र्याची शेड नको, चिंचेखाली तर नकोच. ‘दामिनी’ अ‍ॅप विजेचा इशारा देतं, टोर्नेडोचा नाही.