बचत गटाची कुळकथा

बचत गटाचं मूळ शोधायला निघालेले बहुतेकजण थेट बांगलादेश गाठतात. मुहम्मद युनूस यांनी १९७६ मध्ये जोब्रा गावात विनातारण कर्जं द्यायला सुरुवात केली आणि १९८३ मध्ये त्यातून ग्रामीण बँक उभी राहिली, हे खरं. पण आपल्या गटाचं कूळ निराळं. त्यात एक धागा भिशीचा, दुसरा कर्नाटकातला. तिथे १९८०च्या दशकात मायराडा या संस्थेने उभ्या केलेल्या मोठ्या सोसायट्या कोलमडल्या. कर्ज फेडू, पण एकाचीच मनमानी चालणाऱ्या सोसायटीकडे नाही, असं सभासदांनी सांगितलं आणि एकमेकांवर भरवसा असलेल्यांचे छोटे गट झाले. भिशीची रक्कम दर पाळीला एकीच्या पदरात पडते. पाळ्या संपल्या की शिल्लक काही नाही. गटाने मात्र जमलेली गंगाजळी मोडायची नाही, तिच्यातूनच कर्ज द्यायचं, व्याजही तिच्यातच घालायचं, अशी रीत पाडली. १९९२ मध्ये नाबार्डने ५०० गटांचं उद्दिष्ट ठेवून बँकजोडणी सुरू केली. नोंदणी नसलेल्या गटाच्या नावाने खातं निघू लागलं, बचतीच्या पटीत विनातारण कर्ज मिळू लागलं. सभासद २०च्या वर नकोत, हा दंडकही कायद्यापायी आला. त्याहून मोठ्या समूहाला नोंदणी सक्तीची होती.

गटाचा पाया असा कर्ज नव्हे, स्वतःची बचत आहे. त्याने बाईला काय दिलं, हे म्हणूनच कर्जाच्या आकड्यात शोधू नये. ते मासिक बैठकीत दिसतं. बचत सगळ्यांदेखत मोजली जाते, सचिव ती वहीत आणि प्रत्येकीच्या पासबुकात मांडते, हप्ता चुकवणारीला दंड बसतो. मग खत-बियाण्याची मागणी आधी की दवाखान्याची, हे बायकाच ठरवतात. सावकाराकडे हात पसरणारी इथे कर्ज मंजूर करणारी होते. सक्षमीकरण म्हणायचं ते याला.

यावर आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. कर्ज बाईच्या नावावर, पैसा नवऱ्याच्या हाती आणि फेडीची जबाबदारी पुन्हा बाईवर, हे चित्र गोएत्झ आणि सेन गुप्ता यांनी १९९६ मध्येच बांगलादेशातून मांडलं. बॅनर्जी, डुफ्लो आणि सहकाऱ्यांच्या हैदराबादमधल्या पाहणीतही सूक्ष्मकर्जाने घरातल्या निर्णयांत बायकांचं वजन वाढल्याचं आढळलं नाही. २०१० मध्ये तर सूक्ष्मकर्ज देणाऱ्या कंपन्यांच्या वसुलीच्या जाचामुळे आंध्र प्रदेश सरकारला अध्यादेश काढावा लागला. पण या पाहण्या आणि तो अध्यादेश प्रामुख्याने बाहेरून येणाऱ्या कर्जाबद्दल आहेत. तिथे रक्कम, व्याज, हप्ता सगळं कंपनी किंवा संस्था ठरवते. बाईकडे उरते फक्त फेड. या दाखल्यांनी बचत गट खोटा ठरत नाही, कर्जापुरती उरलेली त्याची नक्कल उघडी पडते. अर्थात गटालाही मर्यादा आहे: सातबारा नवऱ्याच्या नावावर असेल, तर वहीतला अधिकार शेताच्या बांधापाशी अडतो. म्हणून सरकारने किती कोटींचं कर्ज वाटलं याची जाहिरात करण्याऐवजी किती गटांच्या वह्या बायका स्वतः लिहितात आणि किती जणींच्या नावावर जमीन आहे, हे मोजावं.